बोनसचे पेढे

आमच्या घरात गेली सात वर्षं आजारी पडायला बंदी आहे. यवतमाळात लोक पोरगं पास झालं की पेढे वाटतात. आमचे हे, कॉलेजातले हेडक्लार्क यज्ञेश्वरराव, आरोग्य विम्याचा क्लेम न घेता वर्ष सरलं की पेढे वाटतात. क्लेम नाही म्हणून बोनस, बोनसनं विम्याची रक्कम मोठी, आणि मोठी झाली म्हणून तिला हात लावायचा नाही. आमच्या क्षितिजला डेंगू झाला, डॉक्टर म्हणाले भरती करा. हे म्हणाले, "बोनस जाते ना साहेब!" आणि पोराला घरीच पपईच्या पानांचा रस पाजला.

म्हणून दिवाळीत माझ्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्ट मी साड्यांच्या घडीत दडवला. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करा म्हणाल्या, मी पाहते म्हटलं. कळ आली की ओटा धरून उभी राहायची.

यंदा वर्ष सरायला चार दिवस असतानाच पेढे आणले, त्याच दिवशी मेसेज आला, हप्ता दीडपट. यांचा भाचा मंदारच आमचा एजंट. त्याला चहाला बोलावलं.

"काहून वाढला रे? आम्ही तर एक रुपया नाही घेतला!"

"तुम्ही नाही घेतला मामा, बाकीचे घेऊन राह्यले ना. अन् तुमचं वयही वाढून राह्यलं."

"पगार कुठं वाढून राह्यला?"

मंदारने उपाय काढला, चौघांतलं एक नाव कमी करा. यांना बीपी. क्षितिज मोटरसायकल उडवतो. लेक आभाला धूळ सोसत नाही. तिघंही माझ्याकडे पाहू लागले.

"शोभाले कधी काही होत नाही," हे इतक्या कौतुकानं म्हणाले की मला रडूच आलं. मग संताप आला. सात वर्षं दुखणी गिळली, त्याचं हे बक्षीस!

मी उठले आणि कपाटातला रिपोर्ट आणून चहाच्या ट्रेमध्ये ठेवला.

वाचता वाचता यांचा चेहरा उतरला. "अगं, सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाले पेढे वाटायचे होते ना!"

मंदार हळूच म्हणाला, "मामी, जुनी पॉलिसी सोमवारपर्यंत चालू आहे."

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी मी स्वतः पिशवी भरली आणि दवाखान्यात भरती झाले. कुणाला विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आले तेव्हा हे उशाशी बसून रुमालानं डोळे पुसत होते. बबिता सिस्टर सलाईन पाहता पाहता म्हणाली, "ताई, साहेबांचा लय जीव आहे तुमच्यावर. क्लेम मंजूर झाल्याचं सांगितलं तेव्हापासून रडून राह्यले."

"रडू दे बाई," मी म्हटलं. "सात वर्षांचा बोनस गेला. घरातलं माणूस गेल्यावानीच आहे ते."