दिवा हिरवा होता

मी एक जुना इथरनेट ट्रान्सीव्हर आहे. नाव अवघड असलं तरी माझं काम सोपं आहे, मित्रांनो. तारेतून निरोप धाडायचा आणि पलीकडून आलेला घ्यायचा. इंटरनेटची निळी तार ज्या डब्यात खोचतात, त्या डब्यात, खाचेच्या अगदी मागे मी बसलेला असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. नऊ वर्षांपूर्वी मी हुमनाबादच्या दुकानातून तालुक्यातल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात आलो. सोमशेखर नावाच्या वायरमनने मला भिंतीवर बसवलं आणि आवार ओलांडून पंचायतीच्या कचेरीपर्यंत ऐंशी मीटर तार ओढली. गावात इंटरनेट पंचायतीपर्यंतच आलं होतं. तिथल्या डब्यातही माझ्यासारखाच एक ट्रान्सीव्हर होता. तो माझा जोडीदार.

मला स्वस्थ बसता येत नाही. तारेच्या टोकाला कुणी नसलं तरी मी सेकंदाला साठेक वेळा विजेचा बारीक ठोका देऊन विचारत राहतो, कुणी आहे का? त्या दिवशी पलीकडून ठोके आले. मला किती वेगाने बोलता येतं, आणि बोलता बोलता ऐकताही येतं, हे मी त्याला सांगितलं. त्याने त्याचं सांगितलं. दोघांना जमेल त्यातलं सगळ्यात चांगलं आम्ही ठरवलं आणि माझ्याशेजारचा हिरवा दिवा लागला. त्यानंतर निरोप असो वा नसो, आम्ही एकमेकांना खुणा धाडतच राहिलो. खुणा थांबल्या की समजायचं, तार तुटली.

केंद्रातल्या नर्स सिद्धम्मा रोज माझ्यावरची धूळ पुसायच्या. लसीकरणाच्या याद्या, रक्ताचे अहवाल, आणि ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, मी कलबुर्गीच्या डॉक्टरांकडे पोचवत असे. "आपला डबा गुणाचा हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या. मला त्याचा अभिमान वाटे.

गेल्या उन्हाळ्यात वीज पडली आणि माझा जोडीदार जळाला. त्याच्या जागी नवा आला. बसवणारा माणूस घाईत होता. पुन्हा भानगड नको म्हणून त्याने नव्याचं ते विचारणं-सांगणंच बंद करून टाकलं. एका ठराविक वेगाने, बोलणं आणि ऐकणं एकदम करायचं, एवढंच त्याला नेमून दिलं. मी विचारत राहिलो. उत्तर आलं नाही. त्याच्या आवाजावरून मला वेग ओळखता आला, पण बोलणं एकदम की पाळीपाळीने, हे आवाजावरून कळत नाही. अशा वेळी पाळीपाळीने बोलावं असा आमचा नियम आहे. मी तो पाळला. दिवा हिरवाच लागला.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन पडेना. मी बोलत असलो की तोही मध्येच बोले. मला वाटे टक्कर झाली. मी थांबे, तोच तुकडा पुन्हा धाडी, पुन्हा थांबे. लहान निरोप कसेबसे जात. मोठे वाटेतच अडत. "जुना झालाय, दुसरं काय," असं लोक म्हणू लागले. पंचायतीकडचं टोक बघावं असं कुणाला सुचलं नाही, आणि मला सांगता येईना.

मग एका दुपारी किशनराव आपल्या बायकोला, सोजराबाईंना, गाडीवर बसवून घेऊन आले. त्या तूर कापताना मटकन खाली बसल्या होत्या.

"छातीत दाबायलंय म्हणायली," किशनराव म्हणाले.

सिद्धम्मांनी पट्टी काढली. केंद्राचे डॉक्टर त्या दिवशी बैठकीला बीदरला गेले होते. पट्टी कलबुर्गीला धाडायला माझ्याकडे आली. मी निम्मी धाडली आणि अडलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. मोबाईलला तिथे रेंज जेमतेम असते. त्यावरूनही ती जाईना. पंचवीस मिनिटं गेली. सोजराबाईंच्या कपाळावरचा घाम किशनराव टॉवेलने पुसत होते.

"डाक्टर काय म्हणायलेत?"

"त्यांला पट्टीच मिळाली न्हाई अजून."

"दिवा तर हिरवा हाय की, अक्का."

सिद्धम्मांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय. दिवा हाय. पर उत्तर येईना झालंय." त्या उठल्या. "आता बसून ऱ्हायचं न्हाई. जीप बोलवा. पट्टी मी हातात घेऊन येते."

त्या सोजराबाईंबरोबर स्वतः हुमनाबादला गेल्या. सोजराबाई वाचल्या. पण उशीर झाला होता. त्यांच्या हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला. हंड्याने पाणी आणणं आता त्यांना जमत नाही. त्या पंचवीस मिनिटांत मी हजारदा धडपडलो, मित्रांनो. तरी ती मिनिटं माझ्याच तारेत गेली, हे मी विसरू शकत नाही.

आठवड्याने हुमनाबादहून सौम्या नावाची तंत्रज्ञ नवा डबा घेऊन आली. तिने मला काढून टेबलावर ठेवलं. माझी वीज गेली, म्हणून पुढचं मी सिद्धम्मांच्या तोंडून नंतर ऐकलं. नव्या डब्यावरही मोठी पट्टी अडली. सौम्याने तार बोटांत धरली आणि ती खिडकीबाहेर कुठे जाते ते पाहिलं.

"अक्का, ह्या तारेचं दुसरं टोक कुठाय?"

"पंचायतीत. तिकडं कामून जायलीस? बिघाड इथं हाय."

"दोघं बोलायलेत की. एकालाच कामून बोल लावायचा?"

ती पंचायतीत गेली आणि तिथल्या ट्रान्सीव्हरचं विचारणं-सांगणं पुन्हा सुरू केलं. परत येऊन तिने नवा डबा पिशवीत घातला. "जुनाच चांगला हाय," म्हणाली, आणि मला पुन्हा भिंतीवर बसवलं. तार खोचताच पलीकडून ठोके आले. किती महिन्यांनी. आमचं ठरलं आणि पट्टी चार सेकंदांत कलबुर्गीला पोचली.

मी तरीही निर्धास्त झालो नाही. सिद्धम्माही झाल्या नाहीत. आता रोज सकाळी दार उघडल्यावर त्या पहिल्यांदा एक मोठा फोटो कलबुर्गीला धाडतात, आणि 'मिळाला' असं उत्तर आल्याशिवाय पहिला रुग्ण आत घेत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळजण तुमच्या शाळेत, दवाखान्यात, बँकेत रात्रंदिवस जागे आहेत. आमच्यावरची धूळ पुसा, वीज कडाडू लागली की तार काढून ठेवा. आणि निरोप महत्त्वाचा असेल तेव्हा आमच्या दिव्याकडे पाहून उठून जाऊ नका. पलीकडच्या माणसाला विचारा, मिळाला का?