एक्केचाळीस नंबरचा जोड

पूल बांधताना प्रत्येक वेल्डरने आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा, अशी पद्धत होती. म्हाताऱ्याचा नंबर एक्केचाळीस. गेली तीस वर्षं तो घरी येईल त्या पाहुण्याला पुलाखाली नेऊन सगळ्यात मोठा जोड दाखवायचा. "अर्ध्या देशाचं ओझं पेलतोय माझा जोड!" सून वैतागायची, "बाबा, त्यांना आधी चहा तरी घेऊ द्या."

खरं तर तो जोड त्याचा नव्हताच. कामावरच्या जोडीदाराने केला होता. त्या दिवशी ताप भरल्यामुळे जोडीदार नंबर न ठोकताच घरी गेला आणि याला मोह आवरला नाही. जोडीदाराने मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

आज पूल बंद होता. नेमका तोच जोड तडकला होता. खाली गर्दी जमली होती. इंजिनिअरने नंबर वाचून विचारलं, "हा एक्केचाळीस कोण?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हाताऱ्याला खरं बोलायची घाई झाली. पण त्याच्या आधी सूनच ताठ मानेने पुढे झाली.

"हे काय, आमचे बाबा! अख्ख्या गावाला विचारा."