दुसरा प्रतिष्ठित

नोटरी कोणाला करायचं ते ठरवणाऱ्या साहेबांनो, तुम्ही शिक्का खरेपणाला देत नाही, ओळखीपाळखीला देता. वकिलीत किती वर्षं घासली हे बघता, नाही असं नाही. पण अर्जावर दंडाधिकारी, बँकेचा मॅनेजर आणि एक व्यापारी यांच्या सह्या घेऊनही तुमचं भागत नाही. वर परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात. ही प्रतिष्ठा मोजायची कशात, ते मात्र तुम्ही सांगत नाही.

रत्नागिरीच्या कोर्टात बारा वर्षं काळा कोट घालून उभी राहिलेली पद्मजा अशाच एका सहीवर अडली. पहिली सही निवृत्त मुख्याध्यापिका विमलाताईंनी चहा उकळेपर्यंत करून दिली. दुसरीसाठी ती राजाभाऊंकडे गेली. हापूसच्या बागा, देवस्थानचं अध्यक्षपद, यांच्याहून प्रतिष्ठित कोण? त्यांनी आंबापोळी पुढे केली, कौतुक केलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. कपाटातून एक प्रतिज्ञापत्र काढून तिच्यासमोर ठेवलं. बहीण सगुणा डोंबिवलीला असते, बागेत हिस्सा नको असं तिने लिहून दिलंय, सही तिकडूनच करून पाठवलीय. पद्मजाला शिक्का मिळाला की पहिला यावर उठवायचा.

मुंबईकरांच्या सह्या इथे अशाच चालतात. माणूस तिकडे, कागद इकडे. कोणी काही विचारत नाही. पद्मजाने विचारलं.

"सगुणाताईंना फोन लावा ना, मी बोलते."

"अगो, बहिणीची सही ओळखू नये इतका म्हातारा झालो काय मी?"

"तुम्ही ओळखाल हो भाऊ. पण 'माझ्यासमोर सही केली' असं मला लिहायचंय."

"मग लिही की. तुझा हात कोणी धरलाय?"

तिने प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडे परत सरकवलं. राजाभाऊंनी टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती पूर्णगडला सदूकाकांकडे गेली. बंदरावर जाळ्यांवरून तंटा झाला की दोन्ही बाजू या म्हाताऱ्याकडे येतात आणि तो म्हणेल ते मान्य करून घरी जातात. काकांनी हात लुंगीला पुसले.

"बाय, माजी सही चालंल काय गो?"

तुमची नाही तर कोणाची, असं ती म्हणाली, आणि तिथेच फसली. अर्ज परत आला. दुसरी सही करणारी व्यक्ती प्रतिष्ठित असल्याचे दिसून येत नाही, म्हणे. तिच्या मागून वकिलीत आलेला सलिल मात्र नोटरी झाला. त्याच्या अर्जावर राजाभाऊंची सही होती.

पावसाळा सरल्यावर एक बाई कोर्टाच्या आवारात पद्मजाला शोधत आली. सगुणा. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलंच नव्हतं. तलाठ्याकडे चौकशी केली तेव्हा तिच्याच नावाचं प्रतिज्ञापत्र निघालं, खाली सलिलचा शिक्का.

"ही सही माझी नव्हे," ती म्हणाली. "आणि मी तर गेली दोन वर्षं रत्नागिरीत पाऊलच टाकलं नाही."

पद्मजाने तिचं वकीलपत्र घेतलं. त्या प्रतिज्ञापत्राची एक प्रत आपल्या नाकारलेल्या अर्जाला जोडली आणि तुम्हाला पाठवली. सोबत चारच ओळी:

'माझ्यासमोर सही केली' असं तुमचा नोटरी लिहितो. बाई म्हणते, मी डोंबिवलीत होते. मग त्याच्यासमोर बसलं होतं कोण? लेखी उत्तर द्या.