कुंकवाचा डाग

निकिताच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं आणि ते बुजवायचं ऑपरेशन सोमवारी नगरला ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं होतं. निकिताची आई केशरबाई मात्र अडून बसली होती. "चालतीबोलती पोर हाय माझी. तिची छाती उघडू द्यायची?" एवढं एकच ती म्हणे. टेम्पो चालवणारा बाप "तिची आई म्हणंल तसं" म्हणून मोकळा होई.

एस्तेर मॅडम निकिताच्या नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवत. शाळेत घातल्यावर चित्राच्या आतच शिरल्यासारखं वाटणारे व्हीआरचे चष्मे आले, तेव्हा पोरं एकेक करून हृदयात हिंडून आली. कुणी किंचाळलं, एक पठ्ठ्या तर बाकावरून पडला. निकितानं मात्र चष्मा काढून हळूच विचारलं, "मॅडम, यात माझं भोक कुठंच न्हाई?"

ते निरोगी हृदय होतं, त्यात कुठून असणार? शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांना विचारून मॅडमनी चष्मा पिशवीत घातला आणि राहुरीबाहेरची निकिताची वस्ती गाठली. आत काय असतं ते आईला एकदा दिसलं की भीती उतरेल, असं त्यांना वाटत होतं. शिकवणाऱ्या माणसाला दाखवण्यावर भारी भरवसा.

केशरबाईनं चष्मा उलटासुलटा करून पाहिला. "नवं यंत्र दिसतंय. पूजा झाली का ह्याची?"

"नाही हो."

"मंग तसंच डोक्याला लावायचं?" ट्रॅक्टर आला तेव्हा त्याची पूजा झाली, कडबाकुट्टी आली तेव्हा तिची झाली, मग ह्यानंच काय घोडं मारलं होतं? तिनं चष्म्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, हात जोडले आणि मगच खाटेवर बसून तो चढवला. मॅडम चर्चला जाणाऱ्या, पण शाळेत नारळ फुटताना त्या कधी दूर उभ्या राहिल्या नव्हत्या.

"अगं बाई!" केशरबाईनं खाट घट्ट धरली. "केवढं हाय हे काळीज! धडधडतंय बघा." मग तिचा आवाज एकदम बसला. "मॅडम, दिसलं मला भोक. काळं हाय. जिकडं बघावं तिकडं माझ्याबरोबर येतंय."

मॅडम चमकल्या. बरोबर येतंय? त्यांनी चष्मा काढून घेतला. आतल्या काचेवर कुंकू सांडलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि काही न बोलता चष्मा परत दिला.

"बुजलं!" केशरबाई खाटेवरच उडाली. "बुजलं की वो! एवढंच असतं व्हय? निके, उगं भीत हुतो गं आपन!"

दारात उभी असलेली निकिता आईकडं पाहून हसली. लई दिवसांनी हसली असेल. मॅडमना वाटलं, गप्प बसावं. सोमवारी ही आपल्या पायानं दवाखान्यात येईल, पोर वाचेल, मग खरं-खोटं कोण विचारतंय? तो मोह खरंच मोठा होता.

"केशरबाई," त्या म्हणाल्या, "ते कुंकू होतं. काचेवर सांडलं होतं, मी पुसलं. निकिताचं भोक असं पुसून जायचं नाही. छाती उघडावीच लागेल."

केशरबाईनं चष्मा मांडीवर ठेवला. निकिताचं हसू मावळलं. मॅडमना स्वतःचाच राग आला. सगळं हातचं घालवलं होतं.

"जिवाला धोका हाय त्यात?"

"थोडा आहे. पण नाही केलं तर त्याहून जास्त आहे."

केशरबाई पदरानं चष्म्यावरची हळद टिपत राहिली.

"दवाखान्यात समदे म्हनत्यात, काय बी न्हाई, साधं ऑपरेशन हाय. म्हनून तर भ्या वाटतं मला," ती म्हणाली. "तुमी आत्ता गप बसला असता तरी मी आले असते, मॅडम. तरी बी तुमी खरं सांगितलंत."

"माहीत आहे मला."

"मंग सोमवारी शाळेला सुट्टी टाका अन् आमच्यासंगं चला. डॉक्टर काय बोलंल ते मला कळायचं न्हाई. मी तुमच्या तोंडाकडं बघत बसंन."