अच्युतरावांचं नाव

"हळदीकुंकवात कॅन्सर? दिमाग ठिकाणावर आहे ना, सिस्टर?" चारुलताताईंनी माझा कागद दोन बोटांनी उचलून परत दिला.

कागदावर मी लिहिलेले उखाणे होते. भाषण सुरू झालं की बायका उठून जातात, उखाणा मात्र पाठ करतात, हे सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढून मला कळलं आहे. लोहाच्या गोळ्यांचे, लसीचे उखाणे ताईंनी हौसेनं घेतले. गुटख्याचाच तेवढा नको! कारण पुड्या त्यांच्याच घरात होत्या. त्यांची सून सुरभी परवा दवाखान्यात येऊन नवऱ्याबद्दल हळूच म्हणाली होती, "रजतला पाणीपुरीचा पताशापण तोडून खावा लागतो. मुँह खुलताच नहीं. सासूबाई कॅम्पला जाऊ देत नाहीत." तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा तो कॅम्प उद्या सकाळी होता.

"मग मीच घेते उखाणा," मी म्हणाले.

ताई हसल्या. "तुम्ही? तुम्ही कुणाचं नाव घेणार?"

खोलीत पंधरा बायका होत्या. एकीलाही हे बोलणं लागलं नाही. मला मात्र संताप आला. विधवेनं उखाणे लिहून द्यायचे, घ्यायचे नाहीत. वा रे न्याय! घेतलाच मी.

"पुडीपुडीनं गेला घास, मग गेला आवाज,
अच्युतरावांचं नाव घेते अकरा वर्षांनी आज."

"ते तर हार्टनं गेले ना?" एक बाई म्हणाली.

"तोंडाच्या कॅन्सरनं. सासरच्यांनी हार्ट सांगितलं आणि मी नर्स असून मान डोलावली. लाज वाटते मला."

"अपशकुन करायला आलात? निघा इथून!" ताई ओरडल्या.

तेवढ्यात रजत दारात आला. गालात पुडी होतीच. "क्या मावशी, माझ्यावरून झगडा? मी एकदम फिट आहे."

"मग तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाल. फिट माणसाची जातात."

तो हसत बाहेर थुंकून आला. सगळ्यांसमोर त्यानं बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्याचं हसू गेलं.

"नौटंकी सगळी," चारुलताताई म्हणाल्या आणि त्याच्याजवळ आल्या. "नीट उघड ना रे."

त्यानं पुन्हा जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं. दोनच गेली.