दाजींनी खरवडलेली कल्हई

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची चकती आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात पडून पडून काळी पडले आहे, म्हणून तुम्हाला मी टाकाऊ वाटेन. पण ताऱ्यांमधल्या पोकळीपेक्षाही कडक थंडी मी सोसली आहे, हे खोटं नाही.

त्र्याण्णव साली गोडदेवच्या दाजींनी मला घडवलं. भांड्यांना कल्हई लावणं हा त्यांचा धंदा. मीरा रोडची उर्मिला मुंबईत संशोधन करायची; तिनेच मला त्यांच्याकडून करून घेतलं. डोळ्यांना न दिसणारं एक इवलं विजेचं उपकरण तिला इतकं थंड करायचं होतं, की त्यातून जाणारा एकेक इलेक्ट्रॉन मोजता यावा. ते बसणार माझ्या पाठीवर, आणि थंड करणाऱ्या यंत्राची थंडी त्याला पोचवणार मी.

दाजींनी मला ठोकून, घासून गुळगुळीत केलं. मग मायेपोटी, कुणी न सांगता, वर कथलाची कल्हईही लावली. उघडं तांबं कुणाच्या हाती द्यायचं नाही, ही त्यांची रीत. मी चांदीसारखी चमकू लागले. उर्मिलाला घाईत ते नुसतं पॉलिश वाटलं.

यंत्र गार झालं, उपकरण मात्र उबदारच राहिलं. सहा वर्षांची मेहनत पणाला लागली होती आणि यंत्र गार करणारा द्रवरूप हेलियम जेमतेम एका खेपेपुरता उरला होता. उर्मिलाने मला बाहेर काढून ब्लेडने ओरखडलं, तेव्हा खालचं तांबं दिसलं आणि कल्हईचं तिच्या ध्यानात आलं. तेवढ्या थंडीत कथील उष्णता वाहून न्यायचं जवळजवळ सोडूनच देतं.

मला रुमालात गुंडाळून ती गोडदेवला आली.

"दाजी, रागावू नका. कल्हईनेच सगळं अडलंय."

दाजींनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"चाळीस वर्सं कल्हई लावतो. काडायला कुनी सांगितली न्हाय."

"द्या, मी घरी घासून काढते."

"नको. मी लावली, मीच काडनार."

त्यांनी मला मांडीवर घेऊन खरवडलं. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या खेपेला उपकरण थंड झालं. उर्मिला धावतच सांगायला आली.

"गार झालं का गं?" दाजींनी विचारलं.

"झालं, दाजी!" ती म्हणाली आणि रडू लागली.

दाजी आता नाहीत. मित्रांनो, मला चकचकीत करू नका, फक्त भंगारात टाकू नका. कुणाचं भलं करायला निघालात, तर त्याला काय हवं ते आधी विचारा. तरीही चूक झाली, तर ती स्वतःच्या हाताने खरवडून काढा. दुखेल. दाजींनाही दुखलं होतं.