मास्तरांबरोबर मेक्सिकन जेवायला गेलेला कोट

मित्रांनो, मला जुना कोट म्हणा, माझी हरकत नाही. पण फाटका म्हणालात तर खबरदार! अस्तर तेवढं उसवलंय. कापड अजून खणखणीत आहे.

कुडाळच्या बाजारातल्या एका शिंप्याने मला विश्राम मास्तरांच्या लग्नासाठी शिवलं. गावात तेव्हा कोट असा मी एकटाच. त्यामुळे लग्न कुणाचंही असो, नवऱ्याच्या अंगावर मीच! मास्तरांचा धाकटा भाऊ लवू, त्याच्या लग्नातही मीच मिरवलो. "कोट बघ कसो दिसता!" असं बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो.

पुढे लवू मुंबईला गेला आणि मोठा साहेब झाला. तरी चतुर्थीला तो घरी यायचाच, कारण आमच्याकडे सगळ्या भावांचा गणपती एकच, मूळ घरातला. एका वर्षी बायको आजारी पडली म्हणून तो आला नाही. मास्तर तापट. पुढच्या मे महिन्यात लवू दारात आला, तेव्हा त्यांनी चार माणसांत त्याला नाही नाही ते सुनावलं. लवू आल्या पावली परत गेला. त्यानंतर तीन वर्षं भावाभावांत शब्द नाही.

मग सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात निरोप आला. लवू यंदापासून मुंबईत वेगळा गणपती आणणार होता. मित्रांनो, आमच्याकडे गणपती वेगळा झाला की घर तुटलं. ते पुन्हा जुळत नाही. दोघांची म्हातारी आई, सीताआई, हाय खाऊन बसली. "माज्या डोळ्यांदेखत देव दोन करू नको रे," एवढंच म्हणायची आणि ताट बाजूला सारायची. मास्तरांनी मला ट्रंकेतून काढलं, झटकलं आणि मुंबईची एसटी पकडली.

लवूने त्यांना घरी नाही बोलावलं. बोलावलं एका बड्या हॉटेलात, मेक्सिकन जेवण मिळायचं तिथे. टेबलावर मेणबत्ती, कोपऱ्यात गिटार, वाढप्यांच्या डोक्यावर सुपाएवढ्या टोप्या. आमच्या मास्तरांना पाय कुठे ठेवावा तेही कळेना.

"बसा," लवू म्हणाला. बसा! सख्ख्या भावाला! मास्तरांचं काळीज माझ्या खिशाखालीच. त्याची धडधड मला ऐकू येत होती.

मक्याचे कुरकुरीत तुकडे आले, झणझणीत चटणी आली, घेवड्याची उसळ आली. मास्तर नुसते चिवडत बसले. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. "लवू, गणपतीचा..."

"आधी जेवून घ्या," लवूने तोडलं. "मूर्ती सांगून झाली आहे."

झालं! विषयच मिटला. तेवढ्यात वाढप्याने भात आणला आणि दोघांपुढे लालभडक रसाचा एकेक उंच पेला ठेवला. आम्ही नारळाचा रस न घालता कोकमाच्या सोलांची फुटी कढी करतो, अगदी तोच रंग. आमच्याकडे ती भातावरच घेतात. मास्तरांनी पेला उचलला, सगळा भातावर ओतला आणि हाताने कालवायला लागले.

"सर, ते सरबत आहे. जास्वंदीच्या जातीच्या फुलांचं," वाढपी म्हणाला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

मास्तरांचा हात भातातच थांबला. मी घामाने चिंब झालो. मेलो, आता लवू उठून जाणार! चार लोकांत त्याचं नाक कापलं गेलं होतं. तो त्या लाल भाताकडे टक लावून बघत होता.

मग त्याने आपला पेला उचलला आणि स्वतःच्या भातावर उपडा केला.

"फुटी कढी वाटली मां तुका?" त्याने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गोड आसा रे दादा!"

दादा! तीन वर्षांनी! मास्तर हसायला गेले आणि रडूच कोसळलं. "माजा चुकला, लवू. तुका चार माणसांत तसा बोलाक नको होता."

लवूने तो विचित्र भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. मग म्हणाला, "मुंबयची मूर्ती नको म्हणान उद्याच कळवतंय. घरची माटवी मी येवन बांधतलंय. आवशीक सांग, जेव म्हणान."

गणपतीच्या डोक्यावर टांगून फळापानांनी सजवतो ती चौकट म्हणजे माटवी. परक्याला कुणी ती बांधायला सांगत नाही.

आता मी ट्रंकेत पडून असतो. कसर लागते, कुबट वास येतो, कुणी बघत नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा. फार दिवस घडी घालून ठेवलेलं कापड घडीवरच विरतं. आणि घरातल्या कुणाशी तुमचा अबोला असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. आज जा आणि त्याच्या पंगतीला बसा.